सिनेटर फीलीची दुरुस्ती

ॲट्रॅक्टा फीलीची नक्कल करायची तर आवाजापासून सुरुवात करायची नाही. आधी मान ताठ, हनुवटी जराशी वर, आणि नजर समोरच्या माणसावर नाही, त्याच्या मागे चार हातांवर. सव्वीस वर्षं ती माणसांशी आरशातून बोलत आली. गिऱ्हाईक खुर्चीत, ती मागे, आणि संभाषण काचेत. आता डब्लिनला सेनेटमध्ये, देशाच्या वरच्या सभागृहात, उभी राहून मंत्र्यांना फैलावर घेते तेव्हाही ती अशीच बघते. नवे मंत्री बिचारे मागे वळून पाहतात, आपल्या पाठीशी कोण उभं आहे म्हणून.

मग आवाज. तिच्या सलूनमध्ये डोक्यावर टोपासारखे उतरणारे तीन ड्रायर आहेत, तिच्या सासूच्या काळातले. तिन्ही एकदम सुरू झाले की खिडकीच्या काचा थरथरतात. पण त्यांच्या खाली बसलेल्या बायकांना तरीही बातमी हवीच असते. त्यांच्यासाठी ॲट्रॅक्टाने जो आवाज कमावला तो पुढे देशाच्या कामी आला. सेनेटमध्ये तिच्यासमोर माइक असतो, पण तो शोभेला.

आणि तिसरी गोष्ट, 'मी आटोपतेच आहे, सभापती महोदय.' हे वाक्य ती भाषणाच्या सुरुवातीला म्हणते.

सलून क्लूनादरीच्या मेन स्ट्रीटवर आहे. डाव्या हाताला औषधांचं दुकान, उजव्या हाताला शवपेट्या विकणारा. 'इथून तिथं जाताना मधे केस नीट करून जावं माणसानं,' हा तिचा जुना विनोद, आणि आमच्या गावात जुन्या विनोदाला नव्यापेक्षा जास्त मान असतो. ती सिनेटर झाल्यापासून सलून माझी आई चालवते. ॲट्रॅक्टा सोमवारी आणि शुक्रवारी असते, मधले तीन दिवस डब्लिनला.

ती निवडून आली ती केसांवरच. सेनेटला सामान्य माणूस मत देत नाही, मत देतात ते देशभरातले कौन्सिलर. म्हणून उमेदवाराने गाडी काढायची आणि एकेका कौन्सिलरच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसायचं. ॲट्रॅक्टा अकरा आठवडे फिरली. दिवसाला नऊ घरं, नऊ चहा, नऊ वेळा घरचा ब्राऊन ब्रेड, आणि नाही म्हटलं तर मत गेलं. कॅव्हनमध्ये एका कौन्सिलरच्या बायकोने बोलता बोलता कपाळावरचे केस मागे सारले. ॲट्रॅक्टा म्हणाली, 'कुणी केलंय हे तुमचं? पोलीसकेस होईल. कात्री आणा.' तिथेच, टेबलापाशी, खांद्यावर चहाचा टॉवेल टाकून तिने त्या बाईच्या बटा नीट केल्या. बाईने नवऱ्याकडे बघून सांगितलं, 'पहिली पसंती हिला.' मग हे पसरलं. लेट्रिमपर्यंत बायका केस धुऊन वाट बघायला लागल्या.

सेनेटमध्ये तिने पहिल्या वर्षात कुणाला सोडलं नाही. रोज सकाळी प्रत्येक सदस्याला दोन मिनिटं मिळतात, काय हवं ते मांडायला. ॲट्रॅक्टा ती दोन मिनिटं तळहातात लिंबू पिळल्यासारखी पिळते. बस स्टँडवर बायकांसाठी संडास नाही. मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत दुधाचे दात पडून जातात. गावातली बँक बंद झाली आणि त्या जागी कॉफी आली, 'आता आम्ही पेन्शन कपात घालून प्यायची का, मंत्रिमहोदय?' सभापती म्हणजे जेरमाया क्रेमिन, कॉर्कचा गृहस्थ. त्याच्या वाक्याचा सूर टेकडी चढतो आणि वरच बसून राहतो, त्यामुळे तो 'खाली बसा' म्हणाला तरी परवानगी मागितल्यासारखं वाटतं.

'सिनेटर फीली, आपली वेळ संपली?'

'मी आटोपतेच आहे, सभापती महोदय.'

'आपण हे मगाशीही म्हणालात?'

'मगाशी मला तसं वाटत होतं.'

हे सगळं आम्ही सलूनमध्ये फोनवर बघायचो. आई फोन रंगाच्या ट्यूबला टेकवून ठेवायची.

तर फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारची गोष्ट. लुसिमार केस सेट करायला आली होती. ती ब्राझीलची, चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आली, त्याला इथल्या मांसाच्या कारखान्यात काम होतं. ती शिव्या पोर्तुगीजमध्ये देते आणि माफी आमच्या रॉसकॉमनच्या हेलात मागते. काम म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं करायचं. आरोग्य खातं एकेका घराला अर्धा तास देतं, तेवढ्यात जे होईल ते.

'अर्ध्या तासात काय काय म्हणून करू, सांग ना,' ती आरशातल्या ॲट्रॅक्टाला म्हणाली. 'वर टॉनामोरच्या टेकडीवर मॅलकीकडे जाते. चूल पेटवू तर अंघोळ राहते, पाय धुवायला घेऊ तर लापशी राहते. तोच म्हणतो मग, "पाय राहू देत गं, तू चूल बघ." कालचा शर्ट तसाच. कालचा कसला, रविवारचा.'

ॲट्रॅक्टाच्या हातातला कंगवा थांबला. आई म्हणते, तो थांबला तेव्हाच तिला धडकी भरली.

मॅलकी टॅन्सी एक्याऐंशी वर्षांचा, लग्न न केलेला, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. त्याच्या टेकडीवर त्याच्या पलीकडे कुणी राहत नाही, फक्त मोबाइलचा मनोरा आहे. बरोबर एक कुत्रा, त्याचा एक डोळा मेंढीच्या लाथेने गेलेला. गेल्या हिवाळ्यात मॅलकी चुलीपाशी पडला आणि पोस्टमन येईपर्यंत तसाच पडून राहिला. तेव्हा डॉक्टरने सांगून टाकलं, रोज कुणीतरी घरात पाऊल टाकणार असेल तर इथे राहा, नाहीतर वृद्धाश्रमात. वृद्धाश्रम बत्तीस किलोमीटर लांब, आणि तिथे कुत्रे घेत नाहीत. मॅलकीने अकरा महिने वाट पाहून लुसिमारचा अर्धा तास मिळवला होता.

बुधवारी सकाळी ॲट्रॅक्टा उभी राहिली. सभागृहाचा एक जुना दंडक आहे, बाहेरच्या माणसाचं नाव तिथे घ्यायचं नाही. त्याला तिथे येऊन उत्तर देता येत नाही म्हणून.

'सभापती महोदय, मी आटोपतेच आहे. नाव मी घेणार नाही, नियम मला पाठ आहे. माझ्या गावात एक्याऐंशी वर्षांचा एक गृहस्थ आहे. एकटा. टेकडीवरचं शेवटचं घर, पलीकडे मोबाइलचा मनोरा. नांगरणीच्या स्पर्धेत काउंटीचं पदक घेतलेला माणूस आहे हो, एकाहत्तर साली! आज सोबतीला कोण? एक कुत्रा, तोही एका डोळ्याचा. ह्या माणसाला आपण रोज अर्धा तास देतो. रविवारी अंगात घातलेला शर्ट बुधवारी अंगात असतो. आणि तो स्वतःच त्या बाईला म्हणतो, "पाय राहू देत." पाय राहू देत! मंत्रिमहोदय, अर्ध्या तासात माझ्या हातून नुसत्या बटाही कापून होत नाहीत, आणि तुम्ही अख्खा माणूस आटपायला सांगता?'

घंटा वाजली. ती आणखी चाळीस सेकंद बोलली. तिच्या आजूबाजूचे सदस्य बाक वाजवत होते.

इकडे सलूनमध्ये तीन ड्रायरखाली तीन बायका. मधल्या खुर्चीतल्या बर्नी गिलहूलीने पदकाच्या आधीच, मनोऱ्यापाशीच, डोकं ड्रायरमधून बाहेर काढलं.

'मॅलकी टॅन्सी!'

'तोच की.'

'रविवारपासून? शी बाई.'

आईने फोन उपडा घातला. 'नाव तेवढं सोडलं,' ती म्हणाली, 'बाकी सगळं घेतलं.'

दुपारी स्थानिक रेडिओने ते भाषण लावलं, दोनदा. संध्याकाळपर्यंत ते डब्लिनमध्ये लोक एकमेकांना पाठवत होते, कुणी खाली रडणारे चेहरे टाकत होतं, कुणी 'अशी आणखी दहा माणसं हवीत' म्हणत होतं. आमच्या शाळेत 'पाय राहू देत' दोन दिवस चाललं. वर्गात फळा पुसायला सांगितलं तरी 'पाय राहू देत, फळा बघ.' मीही म्हटलं. मला तो आवाज चांगला जमला होता.

शुक्रवारी गुरांचा बाजार. मॅलकी विकायला काही नसलं तरी जातो. कठड्याला टेकून बैलांकडे बघतो आणि मनातल्या मनात किमती लावतो. शेजाऱ्याने त्याला गाडीतून आणलं. रेडिओवरचं त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कोट, टाय, दाढी केलेली. आणि कठड्यापाशी एक जण त्याच्या कॉलरकडे वाकून म्हणाला, 'काय मॅलकी, आठवड्याचा का महिन्याचा?'

दुसरा म्हणाला, 'शर्ट राहू दे रे, तू पाय बघ!'

हसले. वाईट मनाने हसले असं नाही. आमच्याकडे माणसावर हसत नाहीत तेव्हा काळजी करायची वेळ आलेली असते. पण मॅलकीला काय ते दोन मिनिटांत कळलं. त्याने पहिल्या वासराची बोलीसुद्धा पुरी होऊ दिली नाही. शेजाऱ्याला म्हणाला, 'मला घरी सोड.'

सोमवारी लुसिमार वर गेली तर दाराला आतून कडी. तिने ठोठावलं. दारातली पत्रं टाकायची फट उघडली.

'तू चांगली पोरगी आहेस,' फट म्हणाली. 'जा.'

'मॅलकी, गोळ्या तरी देऊ दे.'

'गोळ्या मला दिसतात. जा.'

त्याने ऑफिसलाही फोन करून सांगितलं, मला कुणाची गरज नाही. हे तेच ऑफिस जिथे त्याची फाईल अकरा महिने पेपरवेटखाली झोपली होती. ह्या वेळी ती एका दुपारीत हलली. उत्तर आलं की दहा दिवसांत सेवा पुन्हा सुरू केली नाही तर तो अर्धा तास यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. दहा दिवस म्हणजे पुढच्या आठवड्यातला गुरुवार. त्यानंतर पुन्हा अकरा महिने, आणि तोवर डॉक्टरचं म्हणणं, वृद्धाश्रम.

लुसिमार ते सांगायला सरळ सलूनमध्ये आली. सोमवार असल्यामुळे ॲट्रॅक्टा होती.

'पण मी नाव कुठे घेतलं?' ॲट्रॅक्टा म्हणाली.

आई कुणाच्या तरी केसांना रंग लावत होती. ती वळली नाही, आरशातच बोलली. 'सव्वीस वर्षं ह्या खुर्चीत बायका बोलल्या. नवरे, सासवा, डॉक्टर, फादर, सगळे निघाले. एक शब्द त्या दाराबाहेर गेला नाही. तुझ्याचमुळे नाही गेला. आणि तू डब्लिनला जाऊन...'

'तिथे नाही सांगायचं तर कुठे सांगायचं? पुटपुटून सरकार हलतं का?'

'मग आधी त्याला विचारायचं.'

नेमका तेव्हाच एक ड्रायर आपला आपण बंद झाला.

संध्याकाळच्या आत ती ॲपल टार्ट घेऊन टेकडीवर गेली. पुढचं तिनेच सांगितलं, दोन्ही आवाज काढून. मॅलकीचा तिला जमत नाही. ती तो नाकातून काढते. खरं तर तो दाढेमागून येतो, तिथेच अर्धा चघळलेला.

'कोण आहे?'

'मी. ॲट्रॅक्टा.'

'कुठली ॲट्रॅक्टा?' अख्ख्या काउंटीत आता ह्या नावाची एवढीच उरली आहे.

'मार्टिन ज्योची.' म्हणजे ज्योच्या मार्टिनची मुलगी. आमच्याकडे आडनावाने माणूस सापडत नाही.

'ती डब्लिनला असते. रेडिओवर बोलते म्हणे.'

'मॅलकी, दार उघडा. मी तुमचं नाव घेतलं नाही हो.'

'घेतलं असतंस तर बरं झालं असतं. मॅलकी टॅन्सी तिघे आहेत ह्या भागात. एका डोळ्याचा कुत्रा एकच.'

ती टार्ट उंबऱ्यावर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने सांगितलं, टार्ट पावसात तशीच आहे, कुत्र्यानेसुद्धा तोंड लावलेलं नाही. ह्यावर बर्नीचं मत असं की त्याला ती डोळा नाही त्या बाजूला पडली असेल.

मंगळवारी ती डब्लिनला गेली तर तिथे तिचा उदो उदो. पुढच्या बुधवारी ह्याच विषयावर चर्चा ठरली होती. एका वाहिनीच्या बाईने फोन केला, 'सिनेटर, आजोबा गॅलरीत येऊन बसतील का? आणि कुत्रा? कुत्रा मिळाला तर फारच छान.' ॲट्रॅक्टाने फोन ठेवला. आईला म्हणाली, 'लगेच नाही ठेवला. चार सेकंद विचार केला, ते तेवढं तुला सांगते.'

शनिवारी ती पुन्हा वर गेली. ह्या वेळी हातात काही नव्हतं. दाराशेजारी दुधाचे कॅन ठेवायचा जुना दगडी ओटा आहे, त्यावर बसली. कुत्रा येऊन तिच्याकडे आधी एका अंगाने, मग वळून दुसऱ्या अंगाने बघून गेला. अर्ध्या तासाने खिडकी बोटभर उघडली.

'अजून आहेस?'

'आहे.'

'थंडी वाजेल.'

'वाजतेय.'

ॲट्रॅक्टाने कोटाची कॉलर वर केली.

'तिथे तुम्ही बोलता ते कुणी लिहून घेतं ना गं?'

'हो. शब्द न् शब्द. वृत्तांत छापतात.'

'राहतो तो?'

'कायमचा.'

'मग माझं त्यातलं खोड.'

'खोडता येत नाही, मॅलकी. मंत्र्यालासुद्धा नाही. फार तर पुन्हा उभं राहून सांगता येतं की मागं बोलले ते चुकलं. तेही छापतात.'

खिडकी आणखी दोन बोटं उघडली. 'मग लिही.'

तिच्याकडे कागद नव्हता. सलूनच्या कार्डांच्या मागे लिहिलं, सहा कार्डं भरली.

'शर्ट रविवारचा नव्हता. रविवारचा मी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर काढतो, तो मिस्साचा. अंगात होता तो सोमवार संध्याकाळचा. लिहिलंस?'

'लिहिलं. सोमवार संध्याकाळ.'

'पदक एकाहत्तरला. बरोबर. पण एकोणसत्तरलाही होतं. ते तू खाल्लंस.'

'मला माहीत नव्हतं.'

'तुझ्या बापाला माहीत होतं, तो दुसरा आला होता. लिही. आणि कुत्र्याला दुसऱ्या डोळ्याने लांबचं चांगलं दिसतं.'

'हे पण?'

'हे पण.' मग तो दाढेमागे काहीतरी घोळवत होता. 'आणि ते पायांचं.'

ॲट्रॅक्टा म्हणाली, 'ते मी म्हणायलाच नको होतं.'

'म्हणालो होतो मी तसं. पण तू सांगितलंस तसं नाही. त्या पोरीला माझ्याकडून निघून खाली आणखी एकीकडे जायचं असतं. तिची गत माझ्याहून वाईट आहे, तिला उठवायलाच दोघं लागतात. मी पाय धुवून घेत बसलो तर तिथे पोचायला उशीर. तो वेळ मी तिला दिला होता. मी म्हातारा झालो, पण घड्याळ वाचता येतं मला. हे तू सांगितलंच नाहीस.'

ॲट्रॅक्टाने नवं कार्ड काढलं. 'हे सांगू?'

'सांग. पण तिचं नाव घ्यायचं नाही.'

'नाही घेत.'

'आणि तिच्या कोंबड्यांचं बोलायचं नाही.'

'नाही.'

'आणि जिन्यावर पडलेल्या भावाचं.'

'मॅलकी, मी काहीच बोलत नाही. खाली राहणारी एक बाई.'

'खालीसुद्धा म्हणू नकोस,' मॅलकी म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. दार उघडलं नाही.

बुधवारी, दहा दिवसांतल्या नवव्या दिवशी, सेनेट भरलं. चर्चेच्या आधी ॲट्रॅक्टा उठली. हातात सहा कार्डं, पत्त्यांसारखी धरलेली. सलूनमध्ये आईने तिन्ही ड्रायर बंद केले, ओल्या डोक्यांच्या बायका तशाच बसल्या. टेकडीवर लुसिमारने मॅलकीच्या बंद खिडकीच्या काचेला फोन टेकवून धरला. ती त्याची वेळ नव्हती, तिची चहाची सुट्टी होती.

'सभापती महोदय, मला सभागृहाच्या वृत्तांतात दुरुस्ती करायची आहे.'

ह्या वेळी ती आटोपते म्हणाली नाही.

'मागच्या वेळी मी एका गृहस्थाचा उल्लेख केला. शर्ट रविवारचा होता असं मी म्हणाले, ते चूक. सोमवार संध्याकाळचा होता. रविवारचा मिस्साचा असतो, तो वेगळा. पदक एक सांगितलं, पदकं दोन आहेत. एकोणसत्तर आणि एकाहत्तर. एकोणसत्तरला माझे वडील दुसरे आले होते, आणि ही गोष्ट त्यांनी घरात कधी सांगितली नव्हती.'

बाकांवर हशा. मागून कुणीतरी ओरडलं, 'कुत्र्याची बाजू ऐकली का?'

'ऐकली,' ॲट्रॅक्टा समोर बघूनच म्हणाली. 'त्याला लांबचं चांगलं दिसतं. सन्माननीय सदस्यांपेक्षा लांबचं.'

क्रेमिनने चष्मा वर केला. 'सिनेटर, ही दुरुस्ती आहे की भाषण?'

'शेवटची दुरुस्ती. मी म्हणाले की तो गृहस्थ म्हणतो, "पाय राहू देत." मी ते असं सांगितलं की जणू त्याला स्वतःचं भान नाही. त्याला भान होतं. त्याच्या नंतर त्या बाईला आणखी एका घरी जायचं असतं. कुठे, ते मी सांगणार नाही. त्याने आपली दहा मिनिटं तिकडे दिली. आपण त्याला अर्धा तास दिला, आणि त्यातूनही त्याने दुसऱ्याला वाटा दिला. आणि मी इथे उभी राहून त्याची कीव केली. मी त्याला विचारलं नव्हतं. एवढीच चूक, आणि ती माझी.'

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. क्रेमिनचा हात घंटेवर होता.

'सिनेटर फीली, आपली वेळ संपली?'

'संपली, सभापती महोदय.' आणि ती खाली बसली.

सभागृहात कुणाला हे काय झालं ते कळेना. ती घंटेआधी बसल्याची नोंद नव्हती. क्रेमिनने उचललेली घंटा परत ठेवली आणि म्हणाला, 'दुरुस्तीची नोंद घेतली जाईल.' ह्या वेळी मात्र त्याचा सूर वर चढला नाही.

चर्चा झाली. मंत्र्याने एक पानभर उत्तर वाचलं. आढावा सुरू आहे, सर्व संबंधितांशी बोलणी सुरू आहेत, अर्धा तास हा केवळ एक निकष आहे. वाहिन्यांना दुरुस्ती दाखवण्यासारखी वाटली नाही, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. स्थानिक रेडिओने एकदा लावली, ती गुरांच्या भावांनंतर. शुक्रवारच्या बाजारात एक जण म्हणाला, 'दोन पदकं? एकोणसत्तरचं कुणाला माहीत होतं?' दुसरा म्हणाला, 'मार्टिन ज्यो दुसरा आला होता? तो तर आयुष्यभर सांगायचा, त्या वर्षी माझा घोडा लंगडा होता.' आणि मग सगळं हसणं मार्टिन ज्योकडे वळलं. तो वारून नऊ वर्षं झाली आहेत, त्याला चालतं.

शुक्रवारी दुपारी लुसिमार सलूनमध्ये आली. ॲट्रॅक्टा तेव्हाच डब्लिनहून पोचली होती, कोटसुद्धा काढला नव्हता. तिने विचारलं नाही. लुसिमार खुर्चीत बसली, मान मागे टाकली, आणि आपण होऊन सांगू लागली.

'मी फोन काचेला धरून उभी. तो पलीकडे खुर्चीत, पाठ माझ्याकडे. तुझं बोलणं संपलं तरी हलेना. मी म्हटलं, गेलं, आता हा जातो वृद्धाश्रमात. मग म्हणाला, "एकोणसत्तर म्हणाली का?" मी म्हटलं, म्हणाली. "दोन्ही म्हणाली?" दोन्ही म्हणाली. "आणि खाली नाही ना म्हणाली?" नाही म्हणाली.'

'मग?' बर्नी ड्रायरखालून पुढे सरकली.

'मग काय, उठला. वेळ लागतो त्याला उठायला. कडी काढली. आधी कुत्रा बाहेर आला, मला हुंगलं, परत आत गेला. मॅलकीनं दार पूर्ण उघडलं. म्हणाला, "आलीस तर ये. उद्यापासून वेळेवर ये." ऑफिसला मी तिथूनच फोन केला, त्याच्यासमोर. मंजूर झालं, जुनाच अर्धा तास. आणि आत गेले मी, तर सांगू का, नऊ दिवसांत त्या घरात...'

बर्नीने ड्रायर डोक्यावरून मागे लोटला. आईचा ब्रश वाटीत राहिला. खिडकीपाशी वाट बघणाऱ्या दोघीही उठून जवळ आल्या.

ॲट्रॅक्टा कोटासकट चालत गेली. पहिला ड्रायर सुरू केला. मग मधला, बर्नीचा. मग तिसरा, ज्याखाली कुणीच नव्हतं. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. लुसिमारचे ओठ हलत होते.

'काय म्हणाली?' बर्नी ओरडली. 'काय होतं आत?'

ॲट्रॅक्टाने आरशात बघून मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून, आणि लुसिमारचे केस विंचरायला घेतले.